आत करंट आहे का?

३ नोव्हेंबर, सोमवार

डावा कान अजून वाजतोय. त्यात कुणीतरी शिट्टी विसरून गेल्यासारखा.

घाटकोपरच्या सोसायटीतलं आपलं चार्जिंग मशीन. तक्रार होती की गाडी अर्धी चार्ज झाली की बंद पडतं. सकाळी मी आणि आमचा टेक्निशियन दिनेश गेलो. मेन खाली केला, कुलूप घातलं, लेबलवर लिहिलंय तेवढा वेळ थांबलो. थांबलोच होतो. वॉचमनचा चहापण झाला. दिनेश सही घ्यायला केबिनमध्ये गेला, मी पॅनल उघडलं. पाना तांब्याच्या पट्टीला लागला आणि

पांढरं. निळं नाही, सगळे निळं म्हणतात. पांढरं. आवाज नंतर आला असं वाटलं. मी मागच्या स्कूटरवर पडले होते. वॉचमन ओरडला, "दिवाळी झाली ना, कोण फटाके फोडतंय?"

दिनेश धावत आला. म्हणाला, "मॅडम, मेन चालू राहिला?" आम्ही दोघांनी वर बघितलं. मेन खाली. कुलूप जागेवर. पान्याचं टोक वितळून गोल झालेलं.

मला काही झालं नाही. कपाळावरचे थोडे केस जळले, बस. घरी अभिला सांगितलं की ऑफिसच्या गॅसवर चहा ठेवताना भडका उडाला. का सांगितलं असं? माहीत नाही. खरं बोलले असते तर ते पुन्हा एकदा झालं असतं, असं वाटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इराच्या डब्यासाठी चटणी वाटायची होती. मिक्सरची पिन हातात घेऊन बोर्डासमोर उभी राहिले. हात पुढे जाईना. अभिला म्हटलं, माझे हात ओले आहेत, तू लाव. हात कोरडे होते.

मग कंपनीच्या गाळ्यावर. कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडचा वास आज जास्तच. केदारला सगळं सांगितलं, म्हणजे मशीनचं सांगितलं. माझं नाही. मेन बंद केला तरी आत वीज साठून राहते, पाण्याच्या टाकीसारखी. ती आपोआप रिकामी व्हावी म्हणून एक छोटा भाग असतो. घाटकोपरमध्ये तो भागच मेलेला होता. टाकी भरलेली, आणि मी नळाला हात घातला.

के. शांतपणे ऐकत होता. कॉलेजपासून ओळखते मी त्याला. मुलुंडचा, वडील वकील. कुणालाही काहीही विकू शकतो, फ्यूज बदलता येत नाही. ही कंपनी काढायला दोघांनी एकाच आठवड्यात नोकऱ्या सोडल्या होत्या.

"एक पीस खराब निघाला," तो म्हणाला. "निघतो."

"बाकीची सहा उघडून बघायला हवीत."

"बघ ना मग. पण अंधेरीच्या आधी."

अंधेरी म्हणजे ऑफिस पार्क. एक मशीन ट्रायलला बसवलंय, ते पसंत पडलं तर बेसमेंटभर आपलीच मशीनं. के. गेले सहा महिने दुसरं काही बोलत नाही.

बघ ना मग. एवढं सोपं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुलुंडचं मशीन. चावी कुलपात घातली, फिरवली, हँडल धरलं. आणि तिथेच. हँडल फिरवलंच नाही. मागे दिनेश टॉर्च घेऊन उभा.

"अरे, मीटर विसरले मी," म्हटलं. "उद्या येऊ."

तो माझ्या बॅगकडे बघत होता. बॅगेतून मीटरची पिवळी वायर बाहेर लोंबत होती.

"चालेल मॅडम," म्हणाला.

या पॅनलचं ड्रॉइंग माझं आहे. आतला एकेक स्क्रू मला डोळे मिटून सांगता येईल. डोळे मिटले की तेच दिसतं, पांढरं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज जे केलं ते इथे लिहायलाही

दिनेशला एकट्याला कांदिवलीला पाठवलं. मला मीटिंग आहे म्हटलं. मीटिंग नव्हती. गाळ्यात फोनकडे बघत बसले. वाजला तर काय ऐकायला मिळेल, आणि नाही वाजला तर काय समजायचं.

तो परतच आला. बाहेरच्या टपरीवर बोलावलं मला. गाळ्यात नको म्हणाला.

"मॅडम, मी उघडलं नाही."

"का रे?"

"तुमचा हात घाबरलाय ते मला मुलुंडलाच कळलं. माझापण घाबरलाय. सोमवारपासून झोप नाही, सुजाता विचारते काय झालं." ग्लास हातात फिरवत होता. "घाबरलात त्याचं काही नाही हो. पण तुम्ही मला एकट्याला पाठवलंत."

तो माझ्याच वयाचा. विक्रोळीला आईच्या पुढच्या चाळीत राहतो. दोन वर्षं रोज माझ्याबरोबर आहे. मला जे जमत नव्हतं ते मी त्याच्या अंगावर ढकललं, मीटिंगच्या नावाने.

"सॉरी," म्हटलं. फार हळू म्हटलं. ऐकू गेलं की नाही कोण जाणे. चहाचे पैसे त्यानेच दिले.

९ नोव्हेंबर, रविवार

विक्रोळीला आईकडे. तुळशीच्या लग्नाचा ऊस अजून गॅलरीत उभा, इराने सोलायला घेतला.

आईने बघताक्षणी विचारलं, "गो, घरात चपला कित्याक?"

आठवडाभर घालतेय. रबरी. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, अभिच्यासुद्धा. तिला सांगून टाकलं. पाना, स्कूटर, मिक्सर, दिनेश. सगळं.

ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली की आम्ही लहान असताना ती खानावळीचे डबे करायची तेव्हा पलीकडच्या खोलीत स्टोव्ह भडकला होता. बाई भाजली. आईनेच गोधडी टाकून विझवलं. हे मला माहीतच नव्हतं.

"मग तू स्वयंपाक कसा केलास?"

"स्टोव्ह पेटवूक बाजूच्या सुमनक बोलवी होतंय. महिनोभर. तिका सरळ सांगितलंय, माका भिया वाटता."

"ती हसली नाही?"

"हसतली कित्याक? येय, पेटवन देय, जाय."

"आणि मग गेली भीती?"

"खंय गेली! घरात गॅस इलो."

खूप हसलो दोघी. इरा विचारत होती काय झालं, काय झालं. मग आईने माझा हात हातात घेऊन उलटा केला, पालथा केला, भाजीवाल्याकडची वांगी बघावीत तसा.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अभिला खरं सांगितलं. तो इस्त्री करत होता. इस्त्री उभी केली, बंद केली, पिन काढून ठेवली. मग म्हणाला, "सोड."

"काय?"

"हे सगळं सोड. कुठेही नोकरी मिळेल तुला."

मी म्हटलं, कंपनी माझी आहे. त्याने इराची वेणी घातली, नेहमीसारखी वाकडी. दारात बूट घालता घालता विचारलं, "तुझ्या पॉलिसीचे कागद कुठे असतात गं?"

"का?"

"सहज."

दिवसभर ते 'सहज' डोक्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

के.ला पण सांगितलं. माझा हात पॅनलला लागत नाही, म्हटलं. आधी हसला. मग माझा चेहरा बघून थांबला.

"किती दिवस लागतील?"

जसा काही ताप आहे. मी म्हटलं, माहीत नाही. तो गाळ्यात दोन फेऱ्या मारून आला.

"ठीक आहे. मी उघडतो. तू व्हिडिओ कॉलवर सांगत जा."

"वेडा आहेस का?"

"मग काय करायचं, मानसी? तू उघडत नाहीस, दिनेश उघडत नाही. गुरुवारी अंधेरीच्या पाटणकरबाई येतायत बघायला. त्यांना काय सांगू, आमच्याच मशीनला आम्ही घाबरतो?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वाट लागली.

अंधेरी, बेसमेंट. पाटणकरबाई म्हणजे ऑफिस पार्कच्या सगळ्या सोयी बघणाऱ्या. पन्नाशीच्या, पायात स्पोर्ट्स शूज, प्रश्न नेमके. एक गाडी चार्ज करून दाखवली. झकास झालं. मशीन बंद केलं. निघायचं तेवढ्यात त्या म्हणाल्या, आतून बघता येईल का?

के.ने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ चावी लावली. दार उघडलं आणि खिशातलं पेन काढून दाखवायला लागला, हे इथे मॉड्यूल, हे इथे. स्टीलचं पेन. टोक पट्टीच्या दिशेने चाललेलं.

मी ओरडले. शब्द नव्हता कुठला. त्याच्या शर्टाला धरून मागे खेचलं. बटण तुटून टाइल्सवर उडालं, कुणाच्या तरी गाडीखाली गेलं. बेसमेंटभर माझाच आवाज घुमत होता.

बाई दोन पावलं मागे. "काय झालं? आत करंट आहे का?"

"नाही, नाही," के. म्हणाला.

"माहीत नाही," मी म्हणाले.

दोन्ही एकदम.

वर आल्यावर रस्त्यातच भांडलो. "कस्टमरसमोर 'माहीत नाही' कोण म्हणतं?" "पण मला खरंच माहीत नाही, केदार." तो एका हाताने उघडा शर्ट धरून होता. म्हणाला, "तू घाबरलीयस. ठीक आहे, कुणीपण घाबरेल. पण म्हणून तू आता सगळ्यांना घाबरवतेयस."

रिक्षाने एकटीच आले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तो म्हणतो ते खरं असेल तर?

घाटकोपरचा एकच पीस खराब असेल, आणि बाकी सगळं माझ्या डोक्यात. काल पेन पट्टीला लागलं असतं आणि काहीच झालं नसतं, असं होऊ शकतं. मी एका चांगल्या मशीनसमोर किंचाळले असेन. मग मी इंजिनिअर कसली, घाबरट बाई.

मशीनची भीती वाटते. त्याहून, भीती खोटी निघण्याची.

इराच्या शाळेत बालदिन. ती झाड झाली होती. टाळ्या वाजवताना लक्षात आलं की मी स्टेजवरच्या माईकची उघडी वायर बघतेय, केव्हापासून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिनेशच्या घरी गेले, सकाळी. सुजाता पोहे करत होती. तिच्यासमोरच म्हटलं, तुला एकट्याला पाठवलं ते चुकलं. मला भीती वाटते आणि मला एकटीला जमणार नाही. तू बरोबर हवास.

तो म्हणाला, "मग रॉड बनवू आधी."

सुजाता म्हणाली, "आधी पोहे खा."

गाळ्यात बसून बनवला. फायबरची लांब काठी, टोकाला हूक, मध्ये वीज हळूहळू जिरवणारा रेझिस्टर, मागे अर्थिंगची जाड वायर. हात आत न घालता टाकी रिकामी करायची. हा आधीच असायला हवा होता, प्रत्येकाच्या हातात. 'आत आपोआप रिकामं होतं' यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. मीही.

संध्याकाळी इरा: "आई, तू स्विचला घाबरतेस ना?"

"हो."

"मी पालीला."

विषय संपला तिच्यापुरता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मुलुंड. सकाळीच मशीन बंद करायला सांगितलं होतं, आम्ही जेवण करून पोचलो. म्हणजे टाकी केव्हाच रिकामी हवी.

ग्लोव्हजच्या आत हात घामाने निथळत होते. दिनेश मोठ्याने बोलत होता, मेन खाली, कुलूप लावलं, चावी माझ्या खिशात. मीही मोठ्याने 'हो' म्हणत होते, शाळेत हजेरी देतात तसं. हँडल धरलं. सोडलं. परत धरलं. दिनेशने टॉर्च तसाच धरून ठेवला.

उघडलं.

मीटर लावला. पाचशे व्होल्टच्या वर.

दिनेशने एक सणसणीत शिवी दिली. आणि मला, लाज वाटते लिहायला, पण मला क्षणभर आनंद झाला. मी वेडी नाही. भीती खरं बोलत होती.

क्षणभरच. मग रॉड लावून टाकी रिकामी केली आणि बघते तर दिनेश फुटपाथवर खाली बसलेला.

"मॅडम, गणपतीआधी मी याच्यात हात घातला होता. पंखा बदलायला. मीटर न लावता."

मी त्याच्या शेजारी बसले. समोरून शाळेची बस गेली.

घाटकोपर आणि मुलुंड, दोन्ही एकाच लॉटची. बाकीचीही त्याच लॉटची.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

के.ला मीटरचा फोटो दाखवला. बघत राहिला. फोन परत देताना हात थंड होता त्याचा.

"म्हणजे गुरुवारी ते पेन..."

"हो."

खाली बसला. मला वाटलं आता म्हणेल बंद करू. पण थोड्या वेळाने म्हणाला, "सगळी एकदम बंद केली तर आपण संपलो. गाडीवाल्यांना धोका नाही ना? दार बंद असतं. गुपचूप एकेक बदलू. दोन दिवस दे मला, अंधेरीचं काय ते सावरतो."

गाडीवाल्यांना धोका नाही, हे खरं आहे. बाहेरून काही होत नाही. मी म्हटलं, पण सोसायटीचे इलेक्ट्रिशियन? चाव्या त्यांच्याकडे असतात.

"ते कशाला उघडतायत? दोन दिवस, मानसी."

मी हो म्हटलं.

कंपनी बुडण्याची भीती पण भीतीच आहे. ती पांढरी नसते एवढंच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अक्षर बघ कसं वाकडं येतंय.

जेवायच्या सुमारास कांदिवलीच्या सेक्रेटरींचा फोन. "मॅडम, तुमचं मशीन सकाळी बंद पडलं. काळजी नको, आमचा माणूस बघतोय."

"त्याला हात लावू देऊ नका! ऐकताय का? हात—"

फोन कट. परत लावला, उचलेना. परत. परत. रिक्षा मिळाली. पवईला अडकली. शेजारच्या बसमधली माणसं माझ्याकडे बघत होती, मी मोठमोठ्याने बोलत होते बहुतेक. कुणाला ते माहीत नाही. वॉचमनचा नंबर नाही, इलेक्ट्रिशियनचं नावही माहीत नाही. नाव माहीत नसलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर, आणि त्याच्या घरी कोण कोण असेल ते. हायवेला लागल्यावर एक अँब्युलन्स मागून आली, आमच्याच दिशेने. कांदिवलीचा फाटा आला तरी आमच्या पुढेच. मग पुढे निघून गेली, बोरिवलीकडे. मी रडत होते.

पोचले. पॅनलचं दार सताड उघडं. खाली स्क्रू ड्रायव्हर पडलेला. माणूस नाही.

पायांखाली जमीन नाही, म्हणतात ते.

"काय मॅडम, एवढं धावत?" मागून आवाज. रुमालाला हात पुसत येत होता. जेवायला गेला होता. कव्हरचे स्क्रू काढले आणि भूक लागली म्हणाला. नाव प्रकाश. मी त्याला धरूनच ठेवलं, दंडाला. तो बिचारा गांगरला. त्याच्यादेखत मीटर लावला. आकडा बघून हळूच म्हणाला, "पण मेन तर मी पाडला होता."

"माहीत आहे."

रॉड गाळ्यात होता. दार लावलं, चावी स्वतःकडे घेतली. तिथेच कट्ट्यावर बसून सातही ठिकाणी मेसेज टाकला: मशीन आत्ता बंद करा, कुणीही उघडू नका, आत बिघाड आहे, आम्ही येतोय. खाली माझं नाव. के.ला विचारलं नाही.

त्याने मागितलेले दोन दिवस. कुणी मरायला त्यातला एकच पुरला असता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

के. गाळ्यात माझ्या आधी आलेला. ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही, ते जास्त वाईट.

"मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हटलं असतंस."

"हो," तो म्हणाला. "बहुतेक."

प्रकाशचं सांगितलं. स्क्रू ड्रायव्हरचं. ऐकताना खिडकीबाहेर बघत होता. अंधेरीने सध्या थांबूया असं कळवलंय. दोन सोसायट्या म्हणतात, तुमचा डबा उचलून न्या. त्याने लॅपटॉप बॅगेत भरला, चार्जर मात्र टेबलावरच राहिला. जाताना दिनेशला म्हणाला, "जपून रे." मला काही नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

के.चा फोन बंद. त्याच्या आईला फोन केला, काकू म्हणाल्या घरी नाही, तुझ्याकडेच असेल वाटलं.

आता ही नवीन भीती.

कांदिवली, मुलुंड, घाटकोपर झाली. नवीन भाग बसवले, आणि एक मेला तरी दुसरा असावा म्हणून प्रत्येकी दोन. प्रत्येक ठिकाणी हँडल धरलं, सोडलं, परत धरलं. अभिने रात्रीचा स्वयंपाक करून ठेवला होता. पॉलिसीचं परत काही बोलला नाही. मीच कागद कपाटातून काढून त्याला दाखवले, कुठे असतात ते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बोरिवली. शनिवार म्हणून सोसायटीतली माणसं जमली होती, लांब उभी. एक बाई भाजीची पिशवी घेऊन पुढे आल्या. "सेफ आहे ना हो हे? माझा मुलगा इथेच गाडी लावतो."

"आज नाहीये," मी म्हटलं. "म्हणूनच आलोय. तुम्ही जरा मागे थांबा."

त्या थांबल्या. गेल्या नाहीत, पण थांबल्या.

मेन खाली. कुलूप. चावी दिनेशच्या खिशात. मोठ्याने, सगळ्यांसमोर. दार उघडलं. मीटरवर सहाशेला जरा कमी, नेहमीसारखं असं लिहिणार होते, पण नेहमीसारखं कसलं. रॉड लावला.

"मॅडम, हात थरथरतोय तुमचा."

"दिसतोय मला. तू आकडा वाच."

"चारशे ऐंशी. चारशे वीस."

मग आकड्याऐवजी तो म्हणाला, "मॅडम, सर आलेत. गेटपाशी उभे आहेत."

मला मान वळवता येत नव्हती. हूक सुटला असता. के. कशाला आला असेल? मदतीला, की सांगायला की मी चाललो? दोन दिवस होता कुठे? मान वळवली असती तर चेहऱ्यावरून कळलं असतं, इतकी वर्षं बघतेय मी तो चेहरा.

"काही म्हणतायत का?"

"नाही. नुसते बघतायत."

"थांबायला सांग त्यांना," म्हटलं. "तिथेच. आकडा खाली येतोय अजून."